फरशीमधली रेघ

हिंगण्याच्या आमच्या वसाहतीत गेल्या काही वर्षांत बरीच नवी घरे झाली. वास्तुशांतीच्या जेवणाला जावे, तर फरशी आरशासारखी आणि फरशांमधल्या रेघा दुधासारख्या पांढऱ्या. दोन पावसाळे गेल्यावर त्याच घरी चहाला जावे. फरशी होती तशीच असते. रेघा मात्र मोरीपाशी काळ्या पडलेल्या, ओट्याखाली हळदीने रंगलेल्या आणि न्हाणीघरात तर जागोजागी उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. सारी गल्ली त्यांना 'बाई' म्हणते. एका सकाळी ब्रश हातात घेऊन त्या न्हाणीघराच्या दारात बसल्या होत्या. मला पाहताच म्हणाल्या, "अगं, तुझी डॉक्टरेट याच विषयातली ना? मग सांग, फरशी टिकते आणि तिच्यातली रेघच का टिकत नाही?" मी सवयीप्रमाणे म्हणाले, "बाई, सिमेंट सच्छिद्र असतं ना." त्या म्हणाल्या, "ते मलाही ठाऊक आहे. सातवीला शिकवलंय. मग छिद्रं नसलेलं काही भरत का नाहीत? आणि पूर्वीच्या फरशीच्या रेघा कुणी घासल्याचं मला का आठवत नाही?"

त्यांचा दुसरा प्रश्न मला अधिक अवघड वाटला. त्याचे उत्तर इतिहासात होते.

त्याआधी एक छोटा हिशेब करून पाहू. तो वर्गातही देता येईल. फरशी ६० सेंटिमीटर चौरस असेल, तर एक चौरस मीटर जमिनीत सुमारे ३.३ मीटर लांबीचे सांधे येतात. घरात ८० चौरस मीटर फरशी असेल, तर सांध्यांची एकूण लांबी २६७ मीटर होते. म्हणजे जी कोणी बाई ब्रश घेऊन खाली बसते, ती पाव किलोमीटरहून अधिक लांबीची रेघ गुडघ्यांवर रांगत घासत असते. ग्राउट, म्हणजे सांध्यात भरायचा मसाला, कोणता निवडावा हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. पण या पाव किलोमीटरची किंमत कुणाच्या गुडघ्यांनी मोजायची, हे त्यावर ठरते.

मुळीच रेघ नसलेली जमीन आपल्याकडे होती. ती म्हणजे शेणाने सारवलेली. तिला सांधा नाही, त्यामुळे सांध्यात अडकणारी घाणही नाही. पण ती दर आठ-पंधरा दिवसांनी नव्याने सारवावी लागे, आणि तेही काम बायांचेच. 'देखभाल कमी' या निकषावर सारवलेली जमीन साफ नापास होते. जुन्या वाड्यांतला चुन्याचा कोबा ही तिची टिकाऊ बहीण. खडी, विटांचा चुरा आणि चुना पसरून तो दिवसेंदिवस ठोकायचा आणि घोटायचा. यातही रेघ नव्हती. मजुरी मात्र फार.

हा चुना आमच्या भागात कुठून येई? वेणा नदीच्या खोऱ्यातली जमीन काळी. बेसाल्ट झिजून ही माती झाली. नाल्याच्या काठी जिथे माती कापली गेली आहे, तिथे पांढुरके, वेडेवाकडे खडे दिसतात. हेच चुनकंकर. पाण्यात विरघळलेला चुना मातीत पुन्हा साका होऊन बसतो आणि त्याचे खडे होतात. ते भाजून चुना करण्याची रीत सगळ्या मध्य भारतात होती. शहरी माणूस या खड्यांना अशुद्ध म्हणेल, कारण त्यांत चिकणमाती मिसळलेली असते. गंमत अशी, की त्यांचा खरा गुण या अशुद्धीतच आहे.

(नागपूर परिसराचे खडक आणि जीवाश्म यांचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक म्हणजे स्टीफन हिस्लॉप. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. १८६३ मध्ये बुटीबोरीजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. या भागात माती आणि दगड पाहत हिंडताना त्यांची आठवण होतेच.)

अशुद्धीचा गुण युरोपात ओळखला तो जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने. १७५६ मध्ये त्याच्याकडे एडिस्टोन खडकावर दीपगृह बांधण्याचे काम आले. भर समुद्रात, लाटांच्या माऱ्यात दगडांचे सांधे भरायचे होते. शुद्ध चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो. पाण्याखाली तो वर्षभरही मऊच राहील. स्मीटनने ठिकठिकाणचे चुनखडक मिळवले, ते नायट्रिक आम्लात विरघळवले आणि तळाशी काय उरते ते पाहिले. ज्या खडकांमागे चिकणमातीचा गाळ उरला, त्यांचाच चुना पाण्यात घट्ट होत होता. भाजताना चिकणमातीतली सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावतात, आणि त्या संयुगांना घट्ट व्हायला हवा लागत नाही, पाणी पुरते. वेल्समधील अबरथॉचा चुना आणि इटलीतली ज्वालामुखीची राख वापरून त्याने सांधे भरले. १७५९ मध्ये दीपगृहाचा दिवा लागला.

हा प्रयोग हिंगण्याच्या कोणत्याही शाळेत करता येईल. नाल्याकाठचा कंकर धुऊन कुटावा आणि परीक्षानळीत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालावे (आम्ल शिक्षकांनीच हाताळावे). फसफसणे थांबले की तळाशी मातकट गाळ दिसेल. आमच्या गवंड्यांना आम्ल ठाऊक नव्हते. पण कंकराचा चुना ओलीतही धरतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. जिथे कंकर नसे तिथे भाजल्या विटांचा चुरा, म्हणजे सुरखी, चुन्यात मिसळत. रसायन तेच.

सांध्याची निगा कशी ठेवायची, यावरचा एक जुना लेख तर फारच मजेचा आहे. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात उघड्यावरच्या फरशीची कृती दिली आहे. तो सांगतो, की थंडीपूर्वी दरवर्षी सांध्यांना तेलाचा गाळ चांगला पाजावा, म्हणजे दहिवर आत शिरणार नाही. आज दुकानात 'ग्राउट सीलर' नावाची बाटली मिळते आणि तिच्यावर 'दर वर्षी पुन्हा लावा' असे छापलेले असते; ती याच गाळाची वारस. तेलाने केशनलिका भरतात आणि पाणी आत ओढले जात नाही. विट्रुव्हियसचे तेल बहुधा ऑलिव्हचे असणार, आणि ते सुकत नाही. आपले जवसाचे तेल त्याहून सरस ठरले असते, कारण ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट पापुद्रा धरते.

आता फरशीकडे वळू. महाराष्ट्रात जुन्या घरांतून शहाबादी फरशी आली, विदर्भात तिच्या जोडीला पुढे कोटाही आली. हा घडीव दगड. कडा हाताने तासलेल्या, म्हणून दोन फरशांमध्ये बोटभर फट राहायची. ती फट गवंडी नीट खरवडून, ओली करून, चुन्याने किंवा सिमेंट-वाळूने दाबून भरायचा. याला दर्जा भरणे म्हणत. रुंद दर्ज कुणाला खटकत नसे. ती घासायचे कुणाच्या मनातही येत नसे.

रेघ बारीक कशी झाली, याची कथा इंग्लंडात सुरू होते. ओल्या मातीची फरशी भट्टीत जाताना आटते, आणि प्रत्येक फरशी सारखी आटत नाही. म्हणून सांधे रुंद ठेवावे लागत. १८४० मध्ये रिचर्ड प्रॉसरने जवळजवळ कोरड्या मातीची पूड दाबून वस्तू घडवण्याचे पेटंट घेतले. हेतू होता गुंड्या बनवण्याचा! हर्बर्ट मिंटनने ही युक्ती फरशीसाठी उचलली. मातीत पाणी कमी, म्हणून आकुंचन कमी, म्हणून मापे सारखी आणि सांधे बारीक. मिंटनच्या नक्षीदार फरशा मुंबईत भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आजही पाहायला मिळतात. ते १८७२ मध्ये उघडले. 'पाणी कमी, आकुंचन कमी' हे सूत्र ध्यानात ठेवा. पुढे ते पुन्हा लागेल.

आयात फरशीला देशी पर्याय आला तो मुंबईत, १९२२ मध्ये. फेरोज सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा यांनी स्वदेशीच्या भावनेतून भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढली. ही फरशी भट्टीत भाजत नाहीत. रंगीत सिमेंट साच्यात घालून दाबयंत्राखाली दाबायचे आणि पाण्यात मुरवायचे. तिच्याच घराण्यातली मोझेइक फरशी नंतर घरोघरी गेली. मुळात सिमेंट म्हणजे स्मीटनचा वारसा: चुनखडक आणि चिकणमाती निसर्गात एकत्र सापडण्याची वाट न पाहता त्यांचे मिश्रण करून भाजायचे. १८२४ मध्ये लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने 'पोर्टलंड सिमेंट' या नावाने पेटंट घेतले. १९८०च्या दशकात विदर्भातच, चंद्रपूर जिल्ह्यात आवारपूर-गडचांदूरच्या चुनखडकावर, सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले.

मोझेइकची एक गोष्ट महत्त्वाची आहे. फरशा बसवायच्या, सांध्यांत त्याच रंगाचे सिमेंट भरायचे, आठ-दहा दिवस पाणी मारायचे आणि मग यंत्राने फरशी व सांधा एकत्रच घासून पॉलिश करायचे. म्हणजे फरशीही सिमेंटची, रेघही सिमेंटची. दोघी सारख्याच झिजायच्या, सारख्याच मळायच्या. जागेवरच ओतलेल्या चिप्सच्या जमिनीत तर काचेच्या पट्ट्या उभ्या बसवून चौकोन पाडत. तडा जायचाच असेल तर तो पट्टीशी जावा, ही त्यामागची अक्कल.

बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. रेघ काही आताच बिघडली नाही. फरशी सुधारली, म्हणून रेघ उघडी पडली.

१९५८ मध्ये एच. अँड आर. जॉन्सन ही कंपनी भारतात स्थापन झाली आणि काचेसारखा मुलामा असलेल्या पांढऱ्या फरशा मोरीच्या भिंतींवर आल्या. १९९०च्या दशकानंतर मोरबीच्या भट्ट्यांतून 'व्हिट्रिफाइड' फरशी येऊ लागली. तिची माती इतकी भाजलेली, की तिचा बराचसा भाग वितळून काच झालेला असतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अशी फरशी स्वतःच्या वजनाच्या ०.५ टक्क्यांहून अधिक पाणी पीत नाही. मग सांडलेले पाणी, तेल, साबण, हळद जाणार कुठे? साऱ्या जमिनीत पिणारी एकच वस्तू उरली, ती म्हणजे दोन मिलिमीटरची सिमेंटची रेघ. पूर्वी सगळ्या जमिनीत वाटली जाणारी घाण आता ती एकटी गोळा करते.

आणि नेमक्या याच रेघेत आपण सर्वांत कच्चा मसाला भरला. मुलाम्याच्या फरशीबरोबर पांढऱ्या सिमेंटची सवय लागली. केरळात कोट्टायमच्या ट्रावणकोर सिमेंट्समध्ये वेंबनाड सरोवराच्या शिंपल्यांपासून ते बनू लागले. १९८४ आणि १९८८ मध्ये राजस्थानात मोठे कारखाने निघाले आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागले. पांढरे सिमेंट म्हणजे लोह जवळजवळ नसलेले पोर्टलंड सिमेंट. त्यात खोट काही नाही. खोट आहे ती भरण्याच्या रीतीत. वाळू नाही, आणि पाणी अंदाजाने.

पाण्याचे महत्त्व सांगणारा नियम १९१८ चा आहे. शिकागोच्या लुइस इन्स्टिट्यूटमध्ये डफ एब्रम्स याने असंख्य नमुने फोडून पाहिले आणि दाखवून दिले, की काँक्रीटचे बळ मुख्यतः पाणी व सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. पाणी वाढले की बळ घटते. का घटते, हे पुढे त्याच शहरात टी. सी. पॉवर्स याने उलगडले. १०० ग्रॅम सिमेंट पूर्ण मुरायला रासायनिक संयोगासाठी सुमारे २३ ग्रॅम पाणी लागते, आणि तयार होणाऱ्या जेलच्या अतिसूक्ष्म पोकळ्यांत आणखी १९ ग्रॅमच्या आसपास अडकून राहते. म्हणजे ४२ ग्रॅम. मिस्त्रीने ६० ग्रॅम घातले, तर किमान १८ ग्रॅम पाण्याला काही कामच नाही. ते जागा अडवून बसते आणि नंतर उडून जाते. मागे राहतात केशनलिका. काळी पडणारी रेघ म्हणजे या उडून गेलेल्या पाण्याची रिकामी घरे, ज्यांत नंतर मोरीचे पाणी राहायला येते.

आमच्या घराचे काम चालू असताना मी हे सारे मिस्त्रीला ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, पाणी कमी घातलं तं ते फटीत उतरतच नाही ना. फट कुठं ठेवली तुम्ही?" त्याचे बरोबर होते. फरशी फरशीला चिकटवून बसवण्याची फॅशन आहे. ग्राहकाला रेघच दिसायला नको असते. मग त्या केसाएवढ्या फटीत ताकासारखे पातळ सिमेंट ओतण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. ते वरवर दोन मिलिमीटर उतरते, आटते आणि सुटते. एवढे पाणी घालून झाल्यावर, मे महिन्याच्या उन्हात त्यावर पाणी मारायला मात्र कुणी थांबत नाही. कालवताना अति आणि मुरवताना नाही, अशी ही पाण्याची उलटी तऱ्हा.

वर्गात हा फरक वजनकाट्यावर दाखवता येतो. १०० ग्रॅम सिमेंटच्या दोन वड्या करा, एकीत ४० ग्रॅम पाणी, दुसरीत ७० ग्रॅम. आठवडाभर ओल्या फडक्यात ठेवा, मग उन्हात चांगल्या वाळवा, वजन करा, रात्रभर पाण्यात बुडवा आणि पुन्हा वजन करा. कोणती किती पाणी प्यायली, हे मुले स्वतः सांगतील.

सुधारणा दोन वाटांनी झाली. एक वाट सिमेंट न सोडता. त्यात बारीक वाळू घालायची, कारण वाळू आकसत नाही; आणि बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, घालायचे. १९५६ मध्ये अमेरिकेत हेन्री रॉथबर्ग या रासायनिक अभियंत्याने रबराच्या चिकासारखा द्रव सिमेंटमध्ये कालवून फरशी पातळ थरावर बसवण्याची रीत आणली. असे बहुवारिक केशनलिकांच्या भिंतींवर पापुद्रा धरते आणि मसाल्याला किंचित लवचीक करते. दुकानात पिशवीत मिळणारे चांगले सिमेंटी ग्राउट आज याच जातीचे असते.

दुसरी वाट सिमेंटच सोडण्याची. इपॉक्सी राळ निघाली ती फरशीसाठी नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां हा रसायनज्ञ दातांच्या कवळ्यांसाठी न आकसणारा पदार्थ शोधत होता. त्याच सुमारास अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली रंगांसाठी त्याच रसायनावर काम करत होता. कवळी काही जमली नाही; पण १९४६ मध्ये बाझलच्या सिबा कंपनीने ती राळ 'अरल्डाइट' या नावाने बाजारात आणली. राळ आणि तिचा कठीणकारक असे दोन भाग एकत्र केले, की ते एकमेकांशी संयोग पावून घट्ट होतात. उडून जाणारे पाणीच त्यात नाही. म्हणून नलिका नाहीत. दुधाच्या आणि लोणच्याच्या कारखान्यांत आम्ल सिमेंटचे सांधे खाते. तिथे या राळेत वाळूची पूड घालून सांधे भरू लागले आणि तिथून ती घरात आली.

दोघांमधला फरक आकड्यांत पाहा. ग्राउटचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १३००७. ठरावीक मापाचा नमुना उथळ पाण्यात चार तास उभा ठेवायचा. साध्या सिमेंटी ग्राउटला १० ग्रॅमपर्यंत पाणी पिण्याची मुभा आहे, सुधारित सिमेंटी ग्राउटला ५ ग्रॅम. राळेच्या ग्राउटला फक्त ०.१ ग्रॅम.

म्हणजे सगळीकडे इपॉक्सीच भरावी का? मला तसे वाटत नाही. ती सिमेंटी ग्राउटपेक्षा कितीतरी महाग आहे, उन्हात पिवळी पडते, आणि हात शिकलेला नसेल तर फरशीवर तिचा चिकट थर राहतो जो पुढे निघता निघत नाही. शिवाय आमचा उन्हाळा. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी दोन वाजता पहिला डबा कालवला आणि अर्धा भरायच्या आत तो दगड झाला. पैसे गेले ते गेलेच. दुसरा डबा पहाटे सहाला उघडला, थोडा थोडा कालवला, आणि काम निर्वेध झाले. कातडीला ही राळ सोसत नाही, म्हणून कारागिराला हातमोजे द्यावेत. ते आपल्या खर्चाने द्यावेत.

पण पुन्हा हिशेब करू. दीड मीटर बाय २.४ मीटरच्या न्हाणीघरात ३० सेंटिमीटरच्या फरशा असतील, तर सांधे २४ मीटर. तीन मिलिमीटर रुंद आणि आठ मिलिमीटर खोल धरले, तर आकारमान सुमारे ५७६ घन सेंटिमीटर. म्हणजे एक किलोच्या आत-बाहेर राळ. सगळ्या घराला मात्र बारा किलो लागेल. जिथे पाणी, साबण आणि आम्ल रोज येते, त्या न्हाणीघरात आणि ओट्यामागे इपॉक्सी परवडते. बैठकीच्या खोलीत पॉलिमरचे सिमेंटी ग्राउट, मापून पाणी घातलेले आणि तीन दिवस ओले ठेवलेले, पुरेसे होते. ते मातीच्या राखाडी रंगाचे निवडावे. पांढरे निवडून आपण रोजचे भांडण घरात आणतो.

'ॲसिड'बद्दल थोडे सांगायला हवे, कारण बाईंच्या मोरीतल्या रेघा त्यानेच कुरतडल्या होत्या. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग जावेत म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल ओततात. डाग हा कॅल्शियमचा कार्बोनेट. पण रेघेतही कॅल्शियमचीच संयुगे. आम्ल दोघांत फरक करत नाही. स्मीटनने मुद्दाम केले ते आपण दर रविवारी नकळत करतो. त्यातही आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकाच वेळी वापरली, तर बंद न्हाणीघरात क्लोरीन वायू सुटतो आणि तो जिवावर बेतू शकतो. वर्गात हे एकदा तरी सांगाच.

राहिली गच्ची. तिथे कोणताही कठीण मसाला एकटा पुरत नाही. आमच्याकडे हिवाळ्याच्या पहाटे फरशी १० अंशांवर असते, आणि मेच्या दुपारी ६०च्या घरात जाते. चार मीटर लांबीच्या फरशीत त्यामुळे सुमारे दीड मिलिमीटर फरक पडतो, खालचे काँक्रीट त्याहून थोडे अधिक हलते. भिंतीलगत सिमेंट ठासून भरले असेल तर फरशी कमान धरते आणि एखाद्या दुपारी फटाक्यासारखा आवाज करून उचलली जाते. म्हणून कडेने सात-आठ मिलिमीटर फट सोडून ती लवचीक सीलंटने भरावी. काचेच्या पट्ट्या लावणाऱ्या कारागिरांना हे कळत होते. काळी माती फुगून पायाच हलला, तर मात्र इपॉक्सीही काही करू शकत नाही. ती न तुटता शेजारची फरशी तडकते.

बाईंनी शेवटी निर्णय माझ्या आकड्यांवर सोडला नाही. त्यांनी चार जुन्या फरशांच्या मध्ये तीन रेघा भरून घेतल्या, पांढरे सिमेंट, पॉलिमरचे ग्राउट आणि इपॉक्सी, आणि तिन्हींवर चमचा चमचा हळदीचे पाणी घालून रात्रभर ठेवले. सकाळी मला हाक मारली. इपॉक्सीवरची हळद फडक्याने पुसली गेली, नखाएवढी पिवळी झाक राहिली. ग्राउटवर फिकट डाग. पांढऱ्या सिमेंटची रेघ मात्र पिवळी नव्हे, चक्क तांबडी झाली होती, कुंकवासारखी. ताजे सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते आणि हळद अल्कात तांबडी होते, हे बाईंना सांगावे लागले नाही. त्यांनी मोरीसाठी इपॉक्सी घेतली.

तो नमुना त्यांच्या अंगणात अजून आहे. वर्षभराने त्यांनी त्याच पांढऱ्या रेघेवर पुन्हा हळद घातली. डाग पडला, पण या वेळी पिवळाच. रेघेच्या पृष्ठभागावरचा चुना वर्षभर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत होता, त्यामुळे त्याचा अल्कधर्म ओसरला होता. त्याचा पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट झाला होता, नाल्याकाठच्या कंकरात असतो तोच.